‘सध्या आमेन आम्ही म्हणतो’: पतीच्या मृत्यूनंतर डळमळलेल्या विश्वासाचं एक प्रकरण

हे एका ख्रिस्ती विश्वासी कुटुंबाचं प्रकरण आहे. ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांनी हे दोनदा वाचलं, दोन परिच्छेद काढायला लावले आणि मग लिहायला हरकत नाही असं सांगितलं. नावं, ठिकाण, नोकरीधंदा, मंडळी (म्हणजे आमचं चर्च) कोणत्या पंथाची हे सगळं मुद्दाम गाळलं आहे आणि मुलांची वयंही थोडी बदलली आहेत. त्यांना मी इथे ताई म्हणते, कारण एरवीही तेच म्हणते. त्यांच्या यजमानांना दादा. मंडळीतल्या भेटीगाठींचं काम माझ्याकडे आहे. या प्रकरणात मी नुसती बघणारी नव्हते. एक मोठी चूक माझ्या हातून झाली, ती मी लपवलेली नाही.

पार्श्वभूमी

ताई आणि दादा दोघंही लहानपणापासून मंडळीत वाढलेले. ताई ११ वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवत होत्या, दादा मंडळीचे हिशेब पाहायचे. मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. ताईंची एक वही होती. डाव्या रकान्यात तारीख आणि प्रार्थनेचा विषय, उजव्या रकान्यात उत्तर मिळाल्याची तारीख आणि हिरव्या शाईची खूण. उजवा रकाना रिकामा राहिलेल्या ओळीही होत्या, पण त्यांचा कधी त्रास झाला नाही असं त्या सांगतात. पान उलटलं की त्या मागे पडायच्या.

दादांना कर्करोग असल्याचं कळलं तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. निदानापासून मृत्यूपर्यंत ७ महिने गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, की केमोचा आता उपयोग होत नाही. यापुढे वेदना कमी ठेवणं, श्वास सोपा ठेवणं, घरी नीट राहता येणं यावर भर देऊ. त्याच आठवड्यात प्रार्थनागटातले एक बंधू सर्वांसमोर म्हणाले, “प्रभूने मला दाखवलं आहे, दादा बरे होणार. यात शंका आणू नका.” या बंधूंबद्दल वाचणाऱ्याच्या मनात राग येईल, म्हणून आधीच सांगते: दादांच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्यांत ते पहिले होते. त्यांना दादा हवे होते. आपली तळमळ कुठे संपते आणि देवाचा आवाज कुठे सुरू होतो, हे त्यांना त्या दिवशी वेगळं करता आलं नाही.

पण त्या वाक्याने घरातलं बोलणं बंद झालं. एका संध्याकाळी दादा म्हणाले, “मी नसलो तर घराची कागदपत्रं...” ताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “असं बोलू नका. विश्वास ठेवा.” दादा गप्प झाले आणि त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अखेरच्या तीन दिवसांत त्यांना बोलताच येत नव्हतं. दादा गेले, आणि नवरा-बायकोचा निरोप घ्यायचा राहून गेला.

अडचण

दफनाच्या वेळी ताई रडल्या नाहीत. सगळ्यांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं, मीही केलं. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले आणि येत्या रविवारी साक्ष द्याल का, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सर्वांसमोर सांगाल का, असं विचारलं. मंडळीला उभारी मिळेल, असं माझ्या मनात होतं. ताई उभ्या राहिल्या, चार मिनिटं बोलल्या: देव विश्वासू आहे, त्याने दादांना अधिक चांगल्या ठिकाणी नेलं, मला शांती आहे. लोकांनी डोळे पुसले. ताई जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांनी हातातली पर्स पोटाशी इतकी घट्ट धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला मला तीन महिने लागले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारीही नाही. संडे स्कूलला निरोप आला, की बरं वाटत नाही. चौथ्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “त्या दिवशी मी जे बोलले, ते माझं नव्हतं. तुला हवं होतं म्हणून बोलले. आता मला तोंड उघडायची भीती वाटते, पुन्हा खोटं निघेल म्हणून.” पवित्र शास्त्र (बायबल) टेबलाच्या खणात पालथं पडलं होतं. वही त्याखाली. शेवटच्या ओळीचा उजवा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा रकाना त्यांनी पेनाने इतका गिरवला होता की कागद फाटला होता.

त्यांच्या बोलण्यातून तीन वेगवेगळी दुखणी बाहेर आली. आम्ही सुरुवातीला त्यांना एकच समजून एकाच नावाने हाक मारत होतो: ‘विश्वास कमी झाला’.

पहिलं दुखणं दादांचं जाणं, हे उघडच आहे. दुसरं, देवाने शब्द मोडला ही जाणीव. “बरे होणार असं सांगितलं होतं ना? मग?” हे दुसरं दुखणं पहिल्याहून खोल होतं, कारण त्यामुळे निरोपाचे ते दोन महिने हातचे गेले होते. तिसरं शरीराचं: रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोप नाही, वजन उतरलेलं, सकाळी उठून मुलांचं आवरणंही जड जायचं.

यात भर पडली ती नातेवाईकांची. एका जवळच्या नातलगाने विचारलं, घरात कोणाचं काही लपलेलं पाप होतं का? आणि मुलाने एका रात्री आईला विचारलं, “आपण कमी प्रार्थना केली का?” ताई म्हणाल्या, “त्याला काय सांगू? मला स्वतःला तेच वाटतंय.”

पर्याय

आम्ही चौघं बसलो: पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), मंडळीतले एक वडील (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही वडील म्हणतो), त्यांची पत्नी (त्या बरीच वर्षं परिचारिका होत्या) आणि मी. ताईंना विचारून बसलो. त्यांच्यामागे त्यांची चर्चा करायची नाही, हे पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं.

वेळ जाऊ द्यावा, ताई आपोआप परततील, असं एक मत होतं. मला ते पटत नव्हतं. शोकाला वेळ लागतो हे खरं, पण देवाने आपल्याला टाकलं ही भावना एकटीने सांभाळत बसणं हे वेगळं प्रकरण आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आजारी वृद्ध रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. देवाने आपल्याला सोडलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं ज्या रुग्णांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. ही भावनाच मृत्यूचं कारण होते असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि ताई वृद्धही नव्हत्या, रुग्णही नव्हत्या. पण आत चाललेला असा झगडा हलक्याने घेऊ नये, इतकं तरी त्यातून कळतं.

दुसरा पर्याय प्रार्थनागटाकडून आला होता: उपास, साखळी प्रार्थना, अविश्वासाच्या आत्म्याला धमकावणं. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्या खोलीत ते वाक्य बोललं गेलं, त्याच खोलीत ताईंना पुन्हा बसवून त्यांच्यातच काहीतरी दोष आहे असं सुचवायचं? वडिलांनी इथे स्पष्ट नकार दिला. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. “आणि आपण अजून तोच प्रश्न घेऊन घरोघर फिरतो,” असं ते म्हणाले. एरवी शांत माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

शिकवण द्यावी, हा तिसरा पर्याय. देव दुःख का येऊ देतो यावर पाळकसाहेबांकडे चांगली शिकवण होती. ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो, ‘माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं तुम्ही यथार्थ बोलला नाहीत’ म्हणून. तक्रार करणारा ईयोब बरोबर ठरला आणि देवाची बाजू मांडणारे मित्र चुकीचे. पाळकसाहेब म्हणाले, “शिकवण त्यांनी मागितली तर देऊ. मागितली नाही तर माझ्याकडेच राहू दे.”

डॉक्टर आणि समुपदेशक, हा चौथा पर्याय. यावर थोडी कुरबूर झाली. विश्वासी माणसाला मनाच्या डॉक्टरकडे पाठवणं म्हणजे मंडळीने हात टेकणं, असं वडिलांना वाटत होतं. त्यांच्या पत्नीने त्यांना बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडून दिला. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही, झोपू देतो. दूत येतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवून खायला देतो. मंद, शांत वाणी येते ती त्यानंतर. “आधी झोप आणि अन्न, मग बोलणं,” असं त्या म्हणाल्या. प्रश्न तिथेच मिटला.

मग वडिलांनीच एक जुनं उदाहरण काढलं, आणि पाचवा मार्ग त्यातून सुचला. इंग्लिश कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याने अनेक भक्तिगीतं लिहिली. १७७३ साली त्याचं मन पार कोसळलं, देवाने आपल्याला कायमचं नाकारलं आहे अशी त्याची ठाम समजूत झाली. त्याचे मित्र आणि पाळक जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षाहून जास्त काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. ती समजूत कूपरच्या मनातून पुरती कधीच गेली नाही, आणि न्यूटन यांनी मैत्रीही सोडली नाही. वडील म्हणाले, “त्याला विश्वास ठेवता येत नव्हता, तेव्हा न्यूटन त्याच्या वाटचा ठेवत होता.” मार्काच्या शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायात चौघं जण छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. बाजेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंद नाही. तसा ताईंच्या वाटचा विश्वास काही काळ आम्ही धरायचा, हा पाचवा मार्ग.

काय केलं

आधी डॉक्टर. ताई दोनदा टाळून तिसऱ्यांदा तयार झाल्या, तेही परिचारिका वहिनी सोबत जाणार म्हणून. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, औषध सुरू केलं आणि समुपदेशनाला पाठवलं. समुपदेशक ख्रिस्ती नव्हत्या. याची काहींना काळजी वाटली, ताईंना मात्र सुटल्यासारखं झालं. “त्यांच्यासमोर मला साक्ष द्यावी लागत नाही,” असं त्या म्हणाल्या. सात-आठ आठवड्यांत झोप पाच तासांवर आली. विश्वासाचा प्रश्न औषधाने सुटला नाही, सुटणारही नव्हता; पण तो प्रश्न धरून बसण्याइतकं बळ अंगात आलं. यात आम्ही एक फरक जपला: झोप आणि खचलेपण यांवर उपचार हवे होते, देवाला विचारलेले प्रश्न हा मात्र आजार नव्हता.

संडे स्कूलचा निर्णय अवघड गेला. त्यांना जबाबदारीत ठेवलं तर पुन्हा तोंडदेखलं बोलणं, काढून घेतलं तर शिक्षा झाल्यासारखं. आम्ही त्यांनाच विचारलं. त्यांनी सहा महिन्यांची सुटी मागितली. वर्गाच्या यादीत त्यांचं नाव तसंच ठेवलं, पुढे फक्त ‘रजेवर’ लिहिलं. ते पाहून आपली जागा अजून आहे असं वाटलं, हे त्यांनी पुढे सांगितलं. आम्हाला ती क्षुल्लक गोष्ट वाटली होती.

दर गुरुवारी मी जाऊ लागले. नियम तीनच: ४० मिनिटांच्या वर बसायचं नाही, एक स्तोत्र वाचायचं पण त्यावर भाष्य करायचं नाही, शेवटी मी छोटी प्रार्थना करायची आणि ताईंकडून काहीच अपेक्षा ठेवायची नाही. पहिल्याच गुरुवारी प्रार्थना संपली तेव्हा त्या अवघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, “ताई, तुम्ही आमेन म्हणायची गरज नाही. सध्या आमेन आम्ही म्हणतो.” त्यांनी मान हलवली. पुढचे १४ आठवडे त्यांनी ते म्हटलं नाही.

स्तोत्रं आम्ही विलापाची निवडली. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची भरपूर आहेत, पण रविवारी आपण ती क्वचितच वाचतो. वाचली तरी शेवटचं स्तुतीचं कडवं गाठायची घाई असते. १३ वं स्तोत्र पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा ‘कोठवर’ विचारतं. २२ व्याची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, येशूने वधस्तंभावर (क्रूसावर) उच्चारली. चौथ्या गुरुवारी ८८ वं स्तोत्र होतं. मी वाचून थांबले.

“पुढे?” ताईंनी विचारलं.

“पुढे नाही. इथेच संपतं.”

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पान उलटून पाहिलं, परत उलटलं. ८८ व्या स्तोत्राच्या शेवटी अंधारच आहे. मूळ हिब्रूतला अखेरचा शब्दही तोच. “आणि हे शास्त्रात ठेवलंय?” त्या म्हणाल्या. बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या रडल्या. मी काहीतरी बोलणार होते, पण नियम आठवला आणि बोलले नाही. आजही मला वाटतं, सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं सर्वांत चांगलं काम ते न बोलणं हेच.

सगळंच लागू पडलं असं नाही. एकदा मी मदर तेरेसांबद्दल सांगितलं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली, आणि अनेक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, तरी काम चालूच होतं, हे जगाला कळलं. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या मोठ्या होत्या. मला दोन मुलांना शाळेत सोडायचंय.” थोरांची उदाहरणं खचलेल्या माणसाला कधी कधी आणखी लहान करतात, हे मी तिथे शिकले.

नवव्या आठवड्यात त्यांनी वही काढून दाखवली. फाटलेल्या रकान्याखाली एकच ओळ होती: ‘तू माझ्याशी खोटं बोललास.’ मी घाबरले. ती वही घेऊन (त्यांच्या परवानगीने) पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी ओळ वाचली आणि यिर्मयाचा २० वा अध्याय काढला. सातव्या ओवीत संदेष्टा देवाला जवळजवळ हेच म्हणतो: तू मला फसवलंस. “इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा देवाला ‘तू’ म्हणाल्या,” पाळकसाहेब म्हणाले. “आता मी जायला हवं.”

ते गेले आणि प्रकरणाला वळण मिळालं. त्यांनी देवाची वकिली केली नाही. त्यांनी विचारलं, “बरे होतील, हे वचन तुम्हाला कोणी दिलं?” ताईंनी त्या बंधूंचं नाव घेतलं. पाळकसाहेब म्हणाले, “मी त्या खोलीत होतो. मला खात्री नव्हती, तरी मी गप्प राहिलो. ते देवाचं वचन नव्हतं, ताई. आमची इच्छा होती, आणि आम्ही तिच्यावर त्याचं नाव लावलं.” बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (१८:२२) हेच सांगतं: परमेश्वराच्या नावाने बोललेलं घडलं नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता. मग त्यांनी प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातली एक दुर्लक्षित ओळ दाखवली. ज्या पौलाच्या हातून कितीतरी रोगी बरे झाले, तोच आपल्या सोबत्याबद्दल लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. त्रफिम का बरा झाला नाही, याबद्दल पुढे अक्षर नाही. त्याचा विश्वास कमी होता, असंही नाही.

ताईंनी विचारलं, “मग दादा का गेले?” पाळकसाहेब म्हणाले, “मला माहीत नाही.” ताई सांगतात, की त्या ‘माहीत नाही’ने त्यांना जितका आधार दिला तितका आधीच्या कुठल्याही उत्तराने दिला नव्हता.

दोन रविवारांनी पाळकसाहेबांनी वेदीवरून, कोणाचं नाव न घेता, मंडळीची क्षमा मागितली: आजाऱ्याजवळ देवाच्या नावाने खात्री देण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि मी ती थांबवली नाही. काही लोक नाराज झाले. ते बंधू दोन महिने आले नाहीत. मग एका संध्याकाळी एकटेच ताईंकडे गेले आणि दारातच म्हणाले, “मी चुकलो. तुमचा वेळ मी घेतला.” ताईंनी त्यांना आत बोलावलं.

मुलाशी बोलायचं काम मंडळीतल्या त्या वडिलांनी घेतलं. त्यांनी त्याला गेथशेमाने बागेची गोष्ट सांगितली: मरणाच्या आदल्या रात्री येशूने स्वतः प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळो म्हणून, आणि तो टळला नाही. “येशूने कमी प्रार्थना केली होती का?” मुलगा म्हणाला, “नाही.” “मग तूही नाही केलीस.” इतकंच.

निष्पत्ती

पंधराव्या गुरुवारी माझ्या प्रार्थनेनंतर ताई ‘आमेन’ म्हणाल्या. मी वर पाहिलं नाही, उगाच त्याचा सोहळा होऊ नये म्हणून. पुढच्या महिन्यात उपासनेला आल्या, शेवटच्या बाकावर, दाराजवळ. शेजारी परिचारिका वहिनी. कधीही उठून जाता यावं, असं ठरलं होतं; पहिले तीन रविवार त्या मध्येच उठून गेल्या. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेणं) घेण्याची आपली लायकी नाही, असं त्यांना वाटत होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, “हात पुढे करता येतो ना? रिकामाच करायचा असतो तो.”

आज दोन वर्षं होत आली. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षभराने हळूहळू बंद झालं. रजा सहा महिन्यांची होती ती दीड वर्षाची झाली, मग ताई संडे स्कूलला परतल्या, पण मोठ्या मुलांच्या वर्गावर. काही गीतं त्या अजून गात नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. प्रार्थनागटात परत गेल्या नाहीत, आणि जावं असं आम्हाला वाटतही नाही. वहीला उजवा रकाना आता नाही. दादांना निरोप देता आला नाही हे दुःख तसंच आहे. त्यांनी एक पत्र लिहिलं, कबरीजवळ वाचलं. थोडं हलकं वाटलं, असं त्या म्हणाल्या. भरून निघालं असं म्हणाल्या नाहीत.

आता वेगळं काय करीन

साक्षीचं आधी. शोकात असलेल्या माणसाला पहिल्या वर्षात आम्ही आता साक्ष मागत नाही. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर अपुरं, तक्रारीचंही बोलता येईल हे आधीच सांगतो. ताईंच्या वेळी मी मंडळीची गरज पाहिली, बोटांची पांढरी पेरं पाहूनही पाहिली नाहीत. याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आहे.

डॉक्टरांनी उपशामक काळजीचा (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी ठेवण्याचा) विषय काढला त्याच आठवड्यात कोणीतरी घरी जाऊन म्हणायला हवं होतं: बरं होण्यासाठी प्रार्थना करू आणि कागदपत्रांचंही बोलून घेऊ, दोन्ही एकाच विश्वासात बसतं. हे एक वाक्य त्यांचे दोन महिने वाचवू शकलं असतं. डॉक्टरकडे जायलाही आम्ही चार महिने घेतले. झोप उडाली तेव्हाच, दुसऱ्या महिन्यात, हलायला हवं होतं.

आणि मुलगी. आईकडे सगळ्यांचं लक्ष होतं, मुलाचा प्रश्न कानावर आला म्हणून त्याच्याकडे गेलं. १५ वर्षांची मुलगी शांत होती, घर सांभाळत होती, म्हणून ती ठीक आहे असं आम्ही धरून चाललो. तिने काही विचारलं नाही आणि आम्हीही तिला काही विचारलं नाही. ताई परत आल्या त्याच सुमारास तिने येणं बंद केलं. आता असं काही घडलं की घरातल्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस दफनाच्या दिवशीच ठरवून देतो. तिच्या बाबतीत ते झालं नाही.

मी तिला अधूनमधून निरोप पाठवते, उपासनेचा विषय न काढता. बहुतेक वेळा एखाद्या शब्दाचं उत्तर येतं. मागच्या महिन्यात रात्री उशिरा तिने आपणहून लिहिलं: “येशूने वधस्तंभावर ‘का’ विचारलं, तेव्हा त्याला उत्तर मिळालं का?”

मी बराच वेळ लिहून खोडत राहिले. तिसऱ्या दिवसाबद्दल, म्हणजे येशूच्या पुन्हा उठण्याबद्दल लिहिलं होतं, ते काढून टाकलं. शेवटी लिहिलं, “त्या दुपारी नाही मिळालं.”

तिने ते वाचलं. अजून पुढे काही लिहिलेलं नाही. ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “घाई करू नकोस. मला १५ गुरुवार लागले होते.”